चुकीच्या विभागातल्या नोंदी

नेदरलँड्समधल्या झूटरमेरला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात माझा लॅपटॉप बिघडला. पूर्ण बंद पडला असं नाही. झाकण लावून पुन्हा उघडलं की स्क्रीन काळाच राहायचा. ही दोन हजार बारा-तेराची गोष्ट. नवऱ्याला इथे आयटीतली नोकरी मिळाली म्हणून आम्ही पुण्याहून आलो होतो. मला काम करायची परवानगी होती, पण काम नव्हतं. पुण्यात मी अकरा वर्षं एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते. इथल्या ग्रंथालयांना डच येणारं माणूस हवं होतं, आणि माझं डच सुपरमार्केटच्या काउंटरपाशी संपायचं. लॅपटॉप जुना, म्हणून नवऱ्याने त्यावर एक फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम टाकून दिली होती. जगभरचे लोक हौसेने ती मिळून बनवतात, असं त्याने सांगितलं होतं. आता तो म्हणाला, त्यांच्या साइटवर तक्रार नोंदव, कोणीतरी बघतं.

मी नोंदवली. काळ्या स्क्रीनबद्दल लिहिता लिहिता आवाज मधेच जातो हेही लिहिलं आणि मराठी टाइप करताना जोडाक्षर तुटतं हेही. दुसऱ्या दिवशी इंग्रजीत उत्तर आलं : या तीन तक्रारी आहेत, तीन वेगळ्या नोंदी करा. प्रत्येकीला योग्य विभाग निवडा. काय केलंत, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढंच लिहा. खाली ना आभार, ना शुभेच्छा.

मला राग आला, पण दुपार मोकळीच होती. तीन नोंदी केल्या. त्यातली एक परत आली. मी 'कधीकधी' असा शब्द वापरला होता, आणि दहापैकी किती वेळा, असं त्यांनी विचारलं होतं. मी ओट्याशी उभी राहून दहा वेळा झाकण लावलं, उघडलं. सात वेळा स्क्रीन काळा. तसं लिहिलं. तीन आठवड्यांनी कुठल्याशा देशातल्या प्रोग्रामरने तो दोष काढला आणि लॅपटॉप पहिल्या झटक्यात जागा झाला. या देशात आल्यापासून मी कुणाच्या मदतीशिवाय तडीस नेलेली ती पहिली गोष्ट होती.

मग मला त्याचा नादच लागला. उत्तर देणारे गृहस्थ स्वतः प्रोग्रामर नव्हते. रोज येणाऱ्या ढिगातून ते कीबोर्डच्या नोंदी कीबोर्डवाल्यांकडे, आवाजाच्या आवाजवाल्यांकडे लावून द्यायचे. प्रत्येक जण फक्त आपापला विभाग बघतो, त्यामुळे चुकीच्या विभागात गेलेली नोंद कोणीच वाचत नाही, असं त्यांनी मला एकदा समजावलं. मी लिहिलं, पुस्तक चुकीच्या कपाटात गेलं की तसंच होतं. यादीत असतं, ग्रंथालयात नसतं. त्यावर त्यांचं आजवरचं सगळ्यात लांब उत्तर आलं. द हेगच्या नगरपालिकेत, जुनी कागदपत्रं जपणाऱ्या अभिलेखागारात त्यांची सगळी नोकरी झाली होती आणि आता ते निवृत्त होते. वर्षभरात त्यांच्या शिफारशीवरून मलाही नोंदी लावायचे अधिकार मिळाले. सकाळ त्यांची, दुपार माझी. आमच्या घरात त्यांचं नाव 'हेगचे काका' पडलं.

एकदा त्यांनी घरी बोलावलं. उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली. त्यांच्या बायकोने कॉफी दिली, बरोबर एकेक बिस्किट. काकांना त्या तुटणाऱ्या जोडाक्षराचं अजून कुतूहल होतं. मी कागदावर 'क्ष' काढून दाखवला. त्यांनी जीभ दातांत धरून तो तीनदा गिरवला, आणि यात दोन अक्षरं नेमकी कुठे आहेत ते दाखवा, म्हणाले. मला दाखवता आलं नाही.

चौथ्या वर्षी छपाईची एक नोंद मला आवाजाच्या विभागात सापडली. लावली होती काकांनी. घाईत झालं असेल, म्हणून मी ती जागेवर नेली. पुढच्या आठवड्यात दोन. मग नोंदीत आधीच दिलेली माहिती ते पुन्हा विचारू लागले, आणि तीन दिवसांनी आणखी एकदा. कोणीतरी वैतागून लिहिलं, तुम्ही माणूस आहात की यंत्र?

मी सकाळीच बसायला लागले. ते पुढे, मी त्यांच्या मागे. त्यांनी चुकवलेली नोंद तासाभरात योग्य ठिकाणी जायची. नोंद कोणी हलवली याचा इतिहास तिच्याखाली दिसत असे, पण तो उघडून कोण बघतंय, असं मी मनाशी म्हणे. नवरा म्हणाला, त्यांना सांगून टाक. मी दोनदा मेल लिहिला आणि दोनदा पुसला. सात महिने असे गेले.

मग आईच्या ऑपरेशनसाठी मी पुण्याला गेले. त्या तीन आठवड्यांत एक गंभीर नोंद आली होती : सिस्टीम अद्ययावत करताना डिस्कवरच्या फायली पुसल्या जातात. काकांनी ती डेस्कटॉपच्या पार्श्वचित्रांच्या विभागात टाकली होती. मी परत येऊन ती शोधून काढेपर्यंत आणखी काही जणांचं नुकसान झालं होतं. एका माणसाच्या मुलीचे लहानपणचे सगळे फोटो गेले होते. त्याने चिडून लिहिलं नव्हतं. फक्त विचारलं होतं, परत मिळायचा काही मार्ग आहे का.

त्या दुपारी मी सिस्टीमचं काम बघणाऱ्या व्यवस्थापक मंडळाला मेल लिहिला. अकरा उदाहरणं दिली. प्रत्येकात नोंद कुठे जायला हवी होती आणि कुठे गेली. विशेषण एकही नाही. मला तेच सभ्यपणाचं वाटलं. मी स्वतः मागून दुरुस्त्या करत होते, हे मात्र लिहिलं नाही. संध्याकाळपर्यंत काकांचे अधिकार काढून घेतले गेले.

दोन दिवसांनी त्यांचा मेल आला. "मंडळाने मला तुमचं पत्र पाठवलं. नीट लिहिलं आहे. एकच उणीव आहे. हे पहिल्यांदा कधी दिसलं, ते तुम्ही लिहिलेलं नाही."

 शनिवारी मी हेगला गेले. दार त्यांच्या बायकोने उघडलं आणि मला तिथेच, कोटांच्या खुंटीपाशी थांबवून हळू आवाजात बोलली. डॉक्टरांनी वर्षापूर्वीच स्मृतिभ्रंशाचं निदान केलं होतं. दिवसभर ते बेचैन असत, फक्त सकाळी कॉम्प्युटरपुढे शांत बसत, म्हणून तिने त्यांना थांबवलं नव्हतं.

"तुम्ही मागून दुरुस्त करत होता ते त्याला माहीत होतं," ती म्हणाली. "रोज बघायचा. म्हणायचा, आजही ती लवकर उठलीय."

मी खाली वाकून बूट काढले आणि आत गेले.

काका खिडकीपाशी बसले होते. मी समोर बसले. त्यांनी शांतपणे विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"जमलं नाही," मी म्हणाले.

"मी विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "मलाही जमलं नाही."

फोटो गेलेल्या त्या माणसाचं काय झालं, असं त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं, काही परत मिळालं नाही. त्यांनी मान हलवली. 

त्यानंतर मी महिन्यातून एकदा जात राहिले. पुढे त्यांना वृद्धांच्या निवासात हलवलं. तिथे ते मला नगरपालिकेतली बाई समजायचे आणि इंग्रजी सोडून डचमध्ये बोलायचे. एव्हाना मला डच बऱ्यापैकी कळायला लागलं होतं. कागद सगळे लागले का, असं ते विचारत, मी लागले म्हणे, आणि त्यांचा चेहरा सैल होई. दुसऱ्या हिवाळ्यात ते गेले. निधन कळवणारं करड्या काठाचं कार्ड टपालाने आलं.

अंत्यविधीनंतर सगळ्यांना कॉफी आणि केक होता. त्यांच्या बायकोने माझा हात धरून मला भावंडांच्या, पुतण्यांच्या घोळक्यात नेलं आणि ओळख करून दिली, ही त्याच्याबरोबर काम करायची. एका पुतण्याने विचारलं की काकांनी ते काम शेवटी सोडलं कशामुळे. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, थकला होता. मी कपातली कॉफी संपवली, कोट घेतला आणि झूटरमेरची गाडी पकडायला बाहेर पडले.