स्पिरिटचा बोळा

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. क्लासच्या मॅडमनी ड्रॉवरमधून स्पिरिटची बाटली काढली, कापसाचा बोळा भिजवला आणि हेडफोनच्या दोन्ही गाद्या पुसल्या. मग माइकची काडी. मग माझी बोटं लागलेला माउस. सावकाश, वरण सांडलेलं पुसावं तसं.

माझ्या आधी त्याच खुर्चीवर गावातल्या एका शेतकरी घरची सून बसली होती. तिच्या डोक्यातलं खोबरेल मानेवर उतरलेलं. तिने काढलेला हेडफोन मॅडमनी तसाच माझ्या हातात दिला होता. तिचं तेल माझ्या कानाला लागलं, त्याचं कोणाला काही नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मुरबाडच्या एका खाजगी बालवाडीत मी आठ वर्षं शिकवत होते. संस्थेने सांगितलं, पुढच्या जूनपासून बालवाडी इंग्रजी. ज्या बाई कंप्युटरवरचा इंग्रजी बोलण्याचा कोर्स पास होतील, त्याच राहतील. म्हणून पस्तिशीत, दोन पोरांची आई असताना, मी क्लासात नाव घातलं. फॉर्मवर आडनाव लिहिलं, पत्त्यात बौद्धवाडी लिहिली. अक्षर माझं चांगलं. मॅडमना लगेच वाचता आलं.

क्लासात कंप्युटर एकच. पडद्यावर एक गोरी बाई वाक्य बोलायची. आपण माइकमध्ये तेच म्हणायचं. बरोबर आलं तर हिरवी पट्टी, चुकलं तर लाल. पहिला आठवडा माझ्या पडद्यावर नुसत्या मिरच्या वाळत घातलेल्या. घरी मी सराव करायला लागले की पोरं हसून लोळायची. नवरा म्हणायचा, "मला दोन शिव्या दे, पण इंग्रजी बोलू नको." मीही हसायचे. ती गोरी बाई मात्र कधी हसली नाही. न कंटाळता परत तेच वाक्य. तेलवाल्या सुनेला जसं, तसंच मला.

बोळा रोजचा झाला. मी मनाशी म्हटलं, आपण तेल लावतो, यंत्र खराब होत असेल. सुनेचं तेल मला दिसत होतं, तरी म्हटलं. मग तेल बंद केलं. शिकेकाईने डोकं खसाखसा धुवायचं आणि आमच्या धसईहून कोरड्या केसांनी एसटी धरायची. पहिल्या दिवशी सासू ओटीवर भात पाखडत होती. म्हणाली, "घरातलं कोण गेलं काय गो? असं डोकं घेऊन कुठं चाललीस?"

"कंप्युटरला."

"त्याचं सुतक लागतं काय?"

कोरड्या केसांवरून काढलेला हेडफोनही मॅडमनी पुसला.

मग मला हुशारी सुचली. नवऱ्याला कल्याणला पाठवलं आणि माझा स्वतःचा हेडफोन आणवला. पिशवीतून काढताना वाटलं, बघा, कशी तोड काढली. मॅडमही खूश. "हे बरं केलंत. तुम्हालाही अवघडल्यासारखं नको." मग दाराबाहेर, केरसुणीच्या शेजारी एक खिळा होता, तो दाखवला. "जाताना तिथे अडकवत जा. आत नको."

वेळ संपल्यावर मी बाहेर आले, अडकवायला हात वर केला. हात तिथेच राहिला.

माझे बाबा सापगावचे. तरुणपणी बाजाराच्या दिवशी ज्या हॉटेलात चहा प्यायचे, तिथे त्यांची कपबशी मागच्या पडवीत, वाशाला टांगलेली. आपली आपण काढायची, वरून ओतलेला चहा घ्यायचा, आपणच विसळून परत टांगायची. बाबा हे हसत सांगायचे. त्यांना ती कपबशी निदान हॉटेलवाल्याने दिलेली. मी माझी कल्याणहून आणवली होती. वर स्वतःचं कौतुक. हेडफोन परत पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी माझा हेडफोन घरीच ठेवला. क्लासचा उचलला, कानाला लावला, बसले.

मॅडम म्हणाल्या, "तुमचा आहे ना?"

"आहे. पण फी क्लासची भरलीय."

"मग मला हा पुसावा लागेल."

"सगळ्यांनंतर पुसा. या ताईंनंतरही पुसा."

सून नखं बघत बसली. मॅडमनी कंप्युटरच बंद केला. गोऱ्या बाईचं तोंड अर्धं उघडं असताना पडदा काळा झाला. "तुमचं नाव मी कमी करते," मॅडम म्हणाल्या.

कोर्स गेला. जूनला बालवाडी गेली. शेवटच्या दिवशी एका चिमुरडीने पदर धरून विचारलं, "बाई, तुमी परत येनार ना?" मी हो म्हटलं. आठ वर्षांत त्या पोरांशी बोललेलं हे एकच खोटं.

बाबांना सांगायला सापगावला गेले. वाटलं होतं, पाठीवर हात ठेवतील. ते खाली बघत म्हणाले, "टांगायचा होतास गो. काय जातं? आमी टांगलीच ना."

मी तडकले. "तुमी टांगलीत म्हणून ती मला खिळा दाखवते."

बाबा उठून आत गेले. त्यांच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता, हे मला माहीत होतं. ते म्हणायला हवं होतं. नंतर कधीतरी म्हणू, म्हणून राहिलं. पुढच्या वर्षी बाबा गेले. तेव्हा मी खरंच कोरड्या केसांनी बसले होते, आणि सासू काही बोलली नाही.

त्यानंतर शहापूरच्या दुसऱ्या क्लासात नाव घातलं. जायला दोन एसट्या. पहिल्या दिवशी कंप्युटरला हात लावायच्या आधी सगळ्यांसमोर आडनाव सांगितलं, वाडी सांगितली. तिथल्या सरांना म्हटलं, "कोणाला अडचण असेल तर आत्ताच बोला." सर गोंधळले. मग त्यांनी हेडफोन माझ्या हातात दिला.

अजूनही नव्या ठिकाणी मी हेच करते. लेक म्हणते, "आई, आधीच कशाला गो भांडतेस?" तिला भांडण वाटतं, वाटू दे. समोरच्याने सांगायच्या आत आपणच बाजूला सरकायचं, ही खोड माझ्या अंगात किती खोल गेलीय, ते मी बघितलंय. ती मला लेकीच्या अंगात जाऊ द्यायची नाही.

मी आधी नाव सांगणार. मग बसणार. आणि माझं शिकून होईपर्यंत उठणार नाही.