आबा आऊट झाले

संजू,

वाशीमच्या स्टँडवर आबांनी माझी पिशवी तीनदा उघडून पाहिली होती, आठवतं? गाडी सुरू झाली तरी खिडकीखाली उभे राहून ते बोटांवर मोजत होते, "तवा, तुरीची डाळ, अंबाडी, मुंगवड्या. पाह्य बरं माय, काई राह्यलं त नाई?" मी चिडले होते. तुझ्या भाऊजींना पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली होती, मला निघायची घाई होती, आणि पिशवीला वाळल्या अंबाडीचा वास येत होता.

पहिल्याच आठवड्यात पाणी येतंय हे सांगायला मी इथल्या घरमालकीणबाईंना म्हणाले, "नळाला पाणी येऊन राहिलं." त्या म्हणाल्या, "राहिलं? मग येणार कधी?" झालं. तेव्हापासून या शहरात मी तोंड सांभाळून बोलते. खराडीच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, कारण इंग्रजीत माझं वाशीम कुणाला ऐकू येत नाही. आजूबाजूला काचेच्या इमारती उठत होत्या, आम्ही पहिल्या तीन वर्षांत तीन घरं बदलली. एक खोकं मी अजून उघडलेलंच नाही.

वर्गातली मुलं इंग्रजी वाचायची, पण बोलायला सांगितलं की खाली बघायची. म्हणून मी आबांची ती मोजणी उचलली आणि तिचा खेळ केला. गावाला जायची बॅग भरायची. "आय पॅक्ड माय बॅग अँड आय पुट इन अ टॉवेल." पुढच्याने टॉवेल म्हणून साबण वाढवायचा, त्याच्या पुढच्याने दोन्ही म्हणून कंगवा. एक वस्तू राहिली की आऊट. मराठी शब्द आला तरी आऊट. हा दुसरा नियम माझा, आणि तो मी का केला हे मला पक्कं ठाऊक होतं.

आपली रेवा माझ्याच वर्गात. तिने हा खेळ रविवारच्या फोनवर आबांना शिकवला. टावेल, सोप, कोंब, ब्रश, आबा न चुकता म्हणाले. मग स्वतःची वस्तू घातली, "मुंगवड्या." रेवा ओरडली, "आबा, मराठी! यू आर आऊट!" ते हसले. "आउट त आउट," म्हणाले. पुढच्या रविवारी "पोरीले अभ्यास असन" म्हणून त्यांनी फोन तुझ्याकडे दिला. त्यानंतरचे तीन रविवार तू सांगतोस, आबा वावरात गेलेत. संजू, भर उन्हाळ्यात वावरात कुठलं पीक आहे?

परवा वर्गात मी माझाच नियम मोडला. ज्या वस्तूला इंग्रजी नाव नाही ती आपल्या नावानेच बॅगेत जाईल, फक्त ती काय असते, कोण करून देतं, हे इंग्रजीत सांगायचं. पोरं इतकी बोलली की शेजारच्या वर्गातल्या मॅडम येऊन आमचं दार लावून गेल्या. मग रेवाने हात वर केला. "मुंगवडी."

"व्हॉट इज इट?" मी विचारलं.

ती म्हणाली, "मिस, आय डोन्ट नो. आबा नोज."

मला खुर्चीत बसवेना. माझी पोर सात वर्षांची झाली आणि तिने मुंगवडी पाहिलेली नाही. आबांनी दिलेल्या त्या मुगाच्या वाळवलेल्या वड्या तिच्या जन्माआधीच संपल्या, आणि मी पुन्हा मागवल्याच नाहीत, रश्श्याचा वास जिन्यात जाईल म्हणून. मला माझीच लाज वाटली.

घर कुठलं, हे विचारलंस तर मला अजून सांगता येत नाही. तिकडे आले की चौथ्या दिवशी परतायची घाई होते, आणि इथे आले की जीव रमत नाही. काही राहिलं का, असं विचारणारा माणूस तिकडे आहे, एवढं मात्र कळतं.

येत्या रविवारी आबांना वावरात जाऊ देऊ नकोस. सांग, तुमची नात अडली आहे, बॅग अर्धीच भरली आहे. ते आऊट नाहीत. टर्न त्यांचीच आहे.