अडुसष्टचं वर्गमूळ

विमलला 'असंच असतं' हे उत्तर चालत नसे. नळाला पाणी उशिरा का आलं इथपासून ते उण्याला उण्याने गुणलं की अधिक का होतं इथपर्यंत, तिला प्रत्येक गोष्टीचं कारण हवं असे. "ताई, नुसतं करा म्हणू नका. का ते सांगा," असं ती मला म्हणायची.

मुलांनो, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. नाशिकला आमच्या घरामागच्या बौद्ध वस्तीत विमल आणि तिची सासू राहत. नवरा अंबडच्या एका कारखान्यात मशीनवर होता, काविळीने गेला. त्याच्या जागी विमलला घ्यायचं कारखान्याने कबूल केलं. दहावी पास झाली तर ऑफिसात कारकून, नाहीतर झाडलोट. तिचा दहावीचा फक्त गणिताचा विषय राहिला होता. ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत मुदत मिळाली. तोवर ती घरी विड्या वळायची आणि दुपारी माझ्याकडे शिकायला यायची.

सासूने जन्मभर नगरपालिकेचे रस्ते झाडलेले. ती माझ्या दारात येऊन म्हणायची, "बाई, हिला समजवा. झाडू तं झाडू, पगार हाय ना? त्याच्यावरच म्या पोरगं शिकवलं. ही लय मोठी सायबीन व्हायला निघाली!"

"आत्या, तुम्ही झाडलंत ते पुढं माझ्या हातात झाडू यावा म्हणून का?" विमल वर न बघता विचारायची. म्हातारी पदर झटकून निघून जायची.

आमचं घोडं अडलं ते वर्गमुळांपाशी. पन्नासचं वर्गमूळ अधिक अठराचं वर्गमूळ, याला सरळ रूप द्यायचं होतं. विमलने लिहिलं, अडुसष्टचं वर्गमूळ.

"चूक," मी म्हटलं.

"का? बेरीजच तर केली."

मी गणित इंग्रजीतून शिकलेली. मराठी शब्द तिच्याच पुस्तकातून उचलत होते. समजावणं जमेना, म्हणून विचारलं, "नऊचं वर्गमूळ किती?"

"तीन."

"सोळाचं?"

"चार. दोन्ही मिळून सात."

"आता तुझ्या रीतीनं कर. नऊ नि सोळा पंचवीस. त्याचं?"

"पाच," म्हणता म्हणता ती थबकली. पाटीकडे बघतच राहिली. "अगं बाई! दोन कुठं गेले?"

मग आम्ही पन्नास फोडले. पंचवीस दुणे पन्नास; पंचवीसचं मूळ पाच, ते बाहेर आलं. उरलेल्या दोनचं मूळ पुरतं निघत नाही, ते चिन्हाच्या आतच राहिलं. अठरा म्हणजे नऊ दुणे. तीन बाहेर, दोन पुन्हा आत. "आता आतलं सारखं झालं," विमल म्हणाली, "आता मिळवता येईल. आठ! आठ गुणिले दोनचं वर्गमूळ." आणि लगेच, "त्या आतल्या दोनचं काय करायचं?"

"तसंच ठेवायचं. दशांश काढत बसलीस तर ते संपणारच नाहीत."

"तसंच ठेवलेलं उत्तर पुरं?"

"पुरं आणि बरोबर."

हे पटायला मात्र तिला बरेच दिवस लागले.

परीक्षा तोंडावर आली आणि कारखान्यातून निरोप आला. झाडलोटीची जागा आता रिकामी आहे, हवी तर लगेच या. नापास झालात तर पुढचं सांगता येत नाही. सासूने हात जोडले. मीही, खरं सांगते, मनात म्हटलं की घेऊन टाकावी. विमलने "परीक्षेनंतर येते" असं कळवलं. सासूने तिच्याशी बोलणं टाकलं. एकाच खोलीत दोघी मुक्याने जेवत.

विमल गणितात काठावर पास झाली.

कामाच्या पहिल्या दिवशी, कोणी बोलावलं नसताना, सासू तिच्या मागोमाग अंबडला गेली. दुपारी एकटी परतली ती थेट माझ्या पायरीवर येऊन टेकली. मी पाणी दिलं. ते तिने तसंच हातात धरून ठेवलं.

"खुर्चीत बसली बाई ती. टेबलावर कागद व्हते. म्या फाटकातून पाह्यलं," ती म्हणाली. "वॉचमन हाकलत व्हता. म्हटलं, थांब रे बाबा, अजून जरा बघू दे."