स्वेटरांचं गाठोडं

चंदीगडला सेक्टर बावीसमध्ये, एका लोकरीच्या दुकानाच्या माडीवर माझं ट्रेकिंगचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे भाड्याची एक खोली, एक टेबल आणि कोपऱ्यात गुंडाळलेले तंबू. नवरा हवाई दलात, बदलीवर आलेला. घरी बसून मी भिंतींशी भांडायला लागले होते, म्हणून हा उद्योग. पुण्या-नाशिकची मंडळी रेल्वेने यायची. त्यांना बसने कुलूच्या वरच्या एका गावी न्यायचं आणि तिथून आठ दिवस डोंगरात.

गावाला बरोबर घेऊनच धंदा करायचा, हे मी पहिल्यापासून पाळलं. सामान गावातल्याच खेचरांवर, जेवण गावातल्याच चुलीवर. तीन खेचरांचा मालक एक पहाडी माणूस होता, माझ्याहून थोडा मोठा, कमी बोलणारा. त्याचं घर आमच्या ग्रुपवर चालायचं. शिवाय माझी एक हौस होती. येणाऱ्या प्रत्येकाने गावासाठी एक जुना स्वेटर आणायचाच. शेवटच्या दिवशी वाटप, टाळ्या, फोटो. ते फोटो मी ऑफिसात लावले होते. ते बघून नवरा म्हणायचा, "आयजीच्या जिवावर बायजी उदार." मी दोन दिवस त्याच्याशी बोलायची नाही.

मग पंजाब पेटला. संचारबंदी, बस थांबवून झडत्या, पेपरात रोज मेलेल्यांच्या बातम्या. सकाळी पेपर उघडायचाही कंटाळा येऊ लागला. नाशिकहून पत्रं यायची, "यंदा नको, घरचे सोडत नाहीत." मी कुणाला काय म्हणणार? भाजी आणायला जाताना मीच चारदा मागे वळून बघायची. पण न येणाऱ्यांना फार चुटपुट लागायची, आणि ते पार्सलने स्वेटर पाठवायचे. ऑफिसात माणूस नाही आणि स्वेटरांचे ढीग खिडकीपर्यंत. सगळ्या खोलीला डांबराच्या गोळ्यांचा वास.

पावसाळा सरताना एका दुपारी खेचरवाला स्वतः आला. वाटेत तीनदा बसमधून उतरवून त्याला तपासलं होतं. पाणी पिऊन झाल्यावर त्याने सरळ विचारलं, "मॅडमजी, इस बार ग्रुप आएगा?"

त्याची अडचण साधी होती. ग्रुप येणार असेल तर खेचरं ठेवायची आणि त्या पैशातून हिवाळ्याची वैरण भरायची. नसेल तर एक व्यापारी आत्ता चांगल्या भावात न्यायला तयार होता. बर्फ पडल्यावर कुणी विचारणार नाही.

"जो भी हो, सच बोल देना जी," तो म्हणाला.

माझ्या ड्रॉवरमध्ये नकाराची दोन पत्रं पडली होती. उरलेलेही येणार नाहीत, हे मला कळत होतं. पण "नाही" म्हटलं की दुकान बंद, फोटो खोटे, मी पुन्हा घरात. इतकी थकले होते की खरं बोलायचंही त्राण नव्हतं. मी म्हटलं, "आएगा. पक्का." वर स्वेटरांची दोन गाठोडी त्याच्यापुढे सरकवली.

त्याने गाठोड्यांकडे पाहिलं आणि हसून म्हणाला, "खच्चर स्वेटर नहीं खाता, मॅडमजी." मीही हसले. दोन्ही गाठोडी खांद्यावर टाकून तो बसस्टँडकडे गेला.

ग्रुप आला नाही. मी त्याला पत्र टाकलं, तेही उशिरा, काय लिहावं ते सुचेना म्हणून.

पुढच्या उन्हाळ्यात कशीबशी सात माणसं जमली. गावात पोचलो तर खेचरांच्या घंटा ऐकू येईनात. तो दोरी घेऊन एकटाच उभा होता.

"खच्चर?"

"गए जी. बर्फ में घास खत्म हो गया. दो बेच दिए, एक मर गया."

आवाजात राग नव्हता. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने आणखी दोघांना हमालीला बोलावलं आणि स्वतःही ओझं बांधायला बसला.

मंडळींनी माझ्या नियमाप्रमाणे स्वेटर आणलेच होते. खालच्या गावात आता पुरे झाले होते, म्हणून वाटप वरच्या वस्तीत ठरलं होतं. सामानात सगळ्यात जड गाठोडं तेच निघालं आणि ते त्याने घेतलं. चार दिवस चढण. ओझ्याचा पट्टा कपाळावर, पाठीवर आमचा दानधर्म. मी मागून चालत होते आणि मला दुसरं काही दिसत नव्हतं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

वरच्या वस्तीत पोचताच मंडळी कॅमेरे काढू लागली. माझ्याने राहवेना. मी त्याला गाठलं आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. मी खोटं बोलले होते, नकाराची पत्रं तेव्हाच आली होती, मला माफ कर. रडायलाही लागले.

तो ऐकत उभा राहिला. कपाळावरचा पट्टा दोन्ही हातांनी धरलेला, मान खाली, पाठ ओझ्याखाली वाकलेली. माझं संपेपर्यंत तो थांबला.

मग म्हणाला, "पहले ये उतार लूँ, जी?"