सासऱ्यांची आणि माझी टर्बो

मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत माझ्या गाडीकडे कुणी वळून पाहावं असं तिच्यात काही नव्हतं. छोटी, राखाडी, जपानी कंपनीची हॅचबॅक. ऑफिसातल्या मैत्रिणीची बदली झाली तेव्हा तिच्याकडून घेतलेली. पण तिच्या इंजिनाला टर्बो, म्हणजे जास्तीची हवा आत ढकलणारा पंखा, होता, आणि आमच्या घरात ही गोष्ट फक्त माझ्या सासऱ्यांना महत्त्वाची वाटली.

सासरे रेल्वेत इंजिनिअर होते. त्यांची सगळी नोकरी डिझेल शेडमध्ये, माणसाएवढ्या उंचीच्या टर्बोंच्या सहवासात गेलेली. गाडी घरी आली त्या दिवशी ते माझ्या शेजारी बसले आणि नोएडाच्या मोकळ्या रस्त्याला लागल्यावर म्हणाले, "जरा दाब ना." मी दाबलं. बोनेटखालून बारीक शीळ आली.

"ऐकलंस? श्वास घेतेय," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण कोंडून ठेवलंय गं तिला."

माझा नवरा दिल्लीतच जन्मला, दिल्लीतच वाढला. एका केंद्रीय मंत्रालयात तो नियमांचे मसुदे तयार करतो, आणि घरीही तो त्याच खुर्चीवर बसलेला असतो असं मला कधीकधी वाटतं. लिफ्टमध्ये किती माणसं चालतील ते वाचल्याशिवाय तो आत पाऊल टाकत नाही. ऑफिसला मेट्रोने जातो, कारण ते योग्य आहे. कंपनीने दिलेल्या इंजिनात आपण हात घालणार आहोत असं त्याच्यापुढे म्हणणं म्हणजे संविधान पेन्सिलने दुरुस्त करतो असं सांगण्यासारखं होतं. म्हणून आम्ही त्याला सांगितलं नाही. सासूबाईंना सांगितलं नाही, कारण त्यांनी त्याला सांगितलं असतं.

बाहेर पडायला कारण हवं होतं, ते सासऱ्यांच्या उजव्या खांद्याने पुरवलं. तो खरोखरच आखडलेला होता.

"नोएडात एक फिजिओथेरपिस्ट आहे म्हणे, फार छान हात आहे," मी जेवताना म्हणाले.

"बिल्कुल जा," नवरा म्हणाला. "दर शनिवारी नियमाने जा."

तो फिजिओथेरपिस्ट म्हणजे नोएडाच्या एका औद्योगिक सेक्टरमधला गॅरेजवाला. पूर्वी सॉफ्टवेअरमध्ये होता, नोकरी सोडून लोकांच्या गाड्या वेगवान करायला लागला होता. बोलायचा मात्र एखाद्या शांत डॉक्टरसारखा. त्याने गाडीचं बोनेट उघडलं, हवा आत जाण्याचा प्लास्टिकचा डबा दाखवला आणि म्हणाला, "आंटी, ये बेचारी स्ट्रॉ से साँस ले रही है."

पहिल्या शनिवारी तो डबा गेला. त्या जागी लाल रंगाची जाड नळी आली आणि तिच्या टोकाला, पुढच्या बंपरच्या आत, गार वारा लागेल अशा ठिकाणी, सुती जाळीचा शंकूसारखा फिल्टर. मी सरकारी कार्यालयात अनुवादक आहे. सासऱ्यांनी विचारलं, "या हवेच्या इंटेकला तुमच्याकडे काय म्हणतात?" मी म्हटलं, "अंतर्ग्रहण." ते इतके हसले की गॅरेजवाल्याने त्यांच्यासाठी पाणी मागवलं.

पण हवा वाढवून भागत नाही, हे मला त्या शनिवारी समजलं. सासऱ्यांनी चहाचा पेला मांडीवर ठेवून समजावलं. हवा जास्त झाली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं, तर आतली आग प्रमाणाबाहेर तापते आणि पिस्टन वितळायची वेळ येते. म्हणजे पेट्रोलही वाढवायला हवं. मग टाकीत जास्त ताकदीचा पंप बसला, पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर आले, आणि एका शनिवारी गॅरेजवाल्याने लॅपटॉप लावून गाडीच्या कॉम्प्युटरला नव्या हिशेबाची ओळख करून दिली. त्यानंतर मी पहिल्यांदा ती बाहेर काढली, तेव्हा तिने मला सीटमध्ये असं काही दाबून धरलं की माझ्या तोंडून एक शब्द निघाला. तो मी सासऱ्यांपुढे कधीच उच्चारला नव्हता.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

घरी संकटं बारीकसारीक होती. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की गाडी आता फुस्स असा मोठा सुस्कारा टाकायची. नवरा गाडीत असला की मी म्हाताऱ्या माणसासारखी चालवायचे, तरी एखादा निसटायचाच. अशा वेळी मागच्या सीटवरून सासरे ताबडतोब खोकायचे. दोन-चारदा असं झाल्यावर नवऱ्याने त्यांच्यासाठी वाफेचं मशीन आणलं. सासूबाईंना वेगळीच शंका होती.

"तुमच्या शर्टाला पेट्रोलचा वास कसा येतो?" त्यांनी विचारलं.

"जर्मन मलम आहे," सासरे म्हणाले. "उग्र असतं."

सासूबाईंनी मान डोलावली आणि पुढच्या शनिवारी डबाभर बेसनाचे लाडू बांधून दिले. "एवढी सेवा करतो बिचारा. त्याला द्या." गॅरेजवाल्याने ते लाडू ग्रीस लागलेल्या बोटांनी, डोळे मिटून खाल्ले. तेव्हापासून दर शनिवारी डबा जायचा आणि रिकामा परत यायचा.

डिसेंबरात धुराने दिल्लीचं आकाश मळलं तसा आमचा फिल्टरही काळा पडला. संक्रांतीच्या आदल्या दिवशी सासऱ्यांनी तो काढून घरी आणला, बाथरूममध्ये साबणाने धुतला आणि बाल्कनीत उन्हात ठेवला. सासूबाईंनी विचारलंच.

"एअर प्युरिफायरचा आहे," सासरे म्हणाले. "वाळला की त्याला जरासं तेल लावायचं. धूळ धरून ठेवतो मग."

यातलं शेवटचं वाक्य खरं होतं. अशा सुती फिल्टरला एक खास पातळ तेल लावतात, आणि त्याची बाटली गाडीच्या डिकीत होती. सासरे जेवून झोपले. संध्याकाळी उठून पाहतात तर फिल्टर तेल लावून तयार. त्यांना वाटलं मी लावलं. मला वाटलं त्यांनी लावलं. त्यांचं नाक सर्दीने बंद होतं, आणि मी जवळ जाऊन वास घेतला नाही. त्यांनी खाली जाऊन तो बसवून टाकला.

संक्रांतीला दिल्लीतली बरीच मराठी मंडळी पानिपतला जातात. काला अंब या लढाईच्या स्मारकापाशी नमस्कार करतात, कुणी बोलतं, कुणी पोवाडा म्हणतं, मग तिळगूळ. आम्ही चौघं सकाळी निघालो. मी चालवत होते, नवरा शेजारी, सासू-सासरे मागे. धुकं होतं आणि थंडी हाडांत शिरणारी. शहर ओलांडेपर्यंत गाडी ठीक होती. कुंडली गावाच्या पुढे मी ॲक्सिलरेटर दाबला आणि काहीच झालं नाही. आणखी दाबला. गाडीने दमेकऱ्यासारखा एक लांब आवाज काढला आणि वेग आणखी कमी झाला. शेजारून उसाने भरलेला ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला.

"आरशात बघ," नवरा म्हणाला. "धूर सोडतेय आपली गाडी."

मुरथलपर्यंत कशीबशी ओढत आणली आणि एका ढाब्याच्या आवारात थांबवली. मी उतरायच्या आत नवऱ्याने बोनेट उघडलं होतं. तो ती लाल नळी पाहत उभा राहिला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नळी तिथेच होती.

"ही कंपनीची आहे?" त्याने विचारलं.

मी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी ढाब्याच्या पाटीकडे पाहिलं. तेवढ्यात ढाब्याचा मालक शाल सावरत आला आणि हवेत नाक वर करून म्हणाला, "भाई साहब, गाड़ी में नारियल जल रहा है क्या?"

खोबऱ्याचा वास खरोखरच येत होता. सासरे वाकले, बंपरच्या आत हात घालून फिल्टर सोडवला आणि बाहेर काढला. त्याच्या घड्यांमध्ये पांढरं काहीतरी मेणासारखं गच्च बसलं होतं.

सासूबाई पुढे आल्या. "अगंबाई, हा तर प्युरिफायरचा. मी काल छान तेल लावलं होतं ह्याला, बाटली गरम पाण्यात धरून. थिजलं वाटतं."

"थिजलं म्हणजे?" नवऱ्याने विचारलं.

"जम गया रे," सासूबाई म्हणाल्या. "खोबरेल आहे ना. थंडीत थिजणारच."

मागे पराठ्यांवर लोण्याचे गोळे पडत होते. सासूबाईंनी सासऱ्यांच्या हातातल्या फिल्टरकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग नवऱ्याकडे, म्हणजे स्वतःच्या. "अहो, प्युरिफायरचा फिल्टर गाडीत कसा?"

सासऱ्यांनी सांगून टाकलं. नळी, पंप, इंजेक्टर, लॅपटॉप, सगळं. माणूस एकदा बोलायला लागला की थांबत नाही तसे ते मुलाला तपशील देत राहिले, आणि माझ्या लक्षात आलं की त्यांना कबुली द्यायची नसून गाडीचं कौतुक सांगायचं होतं.

"म्हणजे फिजिओथेरपी नव्हतीच," नवरा म्हणाला.

"खांदा बरा झालाय पण," सासऱ्यांनी हात वर करून दाखवला. "पाना फिरवून फिरवून."

"आणि माझे लाडू?" सासूबाईंचा आवाज चढला. "ते कुणी खाल्ले मग?"

"त्यानेच. फार आवडले त्याला."

त्या जरा निवळल्या. नवरा मात्र निवळला नाही. तो खाटेवर जाऊन बसला आणि समोर आलेल्या चहाकडेही त्याने पाहिलं नाही. मी शेजारी बसले.

"विमा, प्रदूषणाचं सर्टिफिकेट, आरसी, सगळं बाद," तो शांतपणे म्हणाला. "तुला कळतंय ना, यार?"

"कळतंय."

"मला सांगावंसं नाही वाटलं?"

"वाटलं होतं. पण तू नाही म्हणाला असतास."

"नाही म्हणालोच असतो," तो म्हणाला, आणि त्याला याचंच वाईट वाटत असावं असं मला त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं.

तिकडे सासऱ्यांनी ढाब्याचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं होतं. चहाच्या बंबातलं उकळतं पाणी, भांड्यांचा साबण, आणि मग फिल्टर तंदूरच्या तोंडाशी, रोट्या काढायच्या लांब सळईवर. सासूबाई शेजारी उभ्या राहून सूचना देत होत्या. "जवळ नका नेऊ. फिरवा जरा. पापड भाजतो तसा." खोबऱ्याचा वास सगळ्या ढाब्यावर पसरला. एका ट्रकवाल्याने आज काय खास बनतंय म्हणून चौकशी केली.

फिल्टर वाळला. डिकीतल्या खास तेलाचे थेंब सासऱ्यांनी त्यावर मोजून-मापून सोडले आणि तो बसवला. गाडी सुरू झाली आणि पूर्वीसारखी खणखणीत बोलली. आम्ही काला अंबला पोचलो तेव्हा भाषणं संपत आली होती. ऊन वर आलं होतं, मोहरीच्या शेतांवरून वारा येत होता. चौघांनी स्तंभाला नमस्कार केला. नवऱ्याने सगळ्यांत जास्त वेळ डोळे मिटले होते. सासरे माझ्या कानात म्हणाले, "आपल्याला सुबुद्धी मागतोय."

परत निघताना त्याने किल्लीसाठी हात पुढे केला. "मी चालवतो. काय काय करून ठेवलंय ते कळायला हवं."

हायवेवर काही वेळ तो त्याच्या नेहमीच्या वेगाने गेला. मग पुढे एक कंटेनर आला, उजवी बाजू रिकामी होती, आणि त्याने पाय दाबला. शीळ चढत गेली. कंटेनर अदृश्य झाला. मागून सासूबाईंचा "अहो" ऐकू आला. तो नक्की कुणाला उद्देशून होता ते समजलं नाही. नवऱ्याने पाय काढला, गाडीने सुस्कारा टाकला. वेगाच्या मर्यादेचा आकडा त्याने स्वतःच मोठ्याने म्हटला आणि पुन्हा आपल्या वेगावर आला.

"हे सगळं काढून टाकायचं," टोलच्या रांगेत तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "उद्याच फोन करते."

"उद्या नको. शनिवारी."

"शनिवारपर्यंत कशाला थांबायचं?"

"मला ऑफिसला गाडी लागणार आहे," तो म्हणाला आणि काच खाली करून टोलवाल्याकडे पाहत राहिला.

तो आठवडाभर मेट्रोने गेला नाही. घरी यायला त्याला उशीर होत होता. विचारलं तर म्हणायचा, ट्रॅफिक. पेट्रोल कुणी भरलं हे मी विचारलं नाही.

शनिवारी आम्ही चौघंही गॅरेजात गेलो. सासूबाईंनी गॅरेजवाल्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि थेट विचारलं, "बेटा, खाते क्या हो तुम? इतने दुबले." बसवलेलं सामान उतरवण्याआधी गाडीची ताकद मोजायची एक शेवटची चाचणी घेऊ का, असं त्याने विचारलं. त्यासाठी गाडी जमिनीतल्या फिरत्या रोलरांवर चढवून पट्ट्यांनी बांधतात. चाकं सुसाट फिरतात, गाडी जागची हलत नाही. नवऱ्याने पट्टे स्वतः ओढून पाहिले, दोनदा "सेफ है ना?" विचारलं आणि हो म्हणाला.

"मी बसू का आत?" सासूबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांनी पदर खोचला, शेजारच्या सीटवर बसल्या, पट्टा लावला. गॅरेजवाला चालकाच्या जागी बसला आणि ॲक्सिलरेटर दाबत गेला. पत्र्याचं छप्पर थरथरायला लागलं, समोरचा मोठा पंखा घोंगावत होता. नवरा दोन्ही कानांवर हात ठेवून उभा होता. वेगाचा काटा चढत चढत तिथे गेला जिथे तो रस्त्यावर कधीच जाऊ शकला नसता. काचेतून मला सासूबाईंचा चेहरा दिसत होता. एका हाताने वरचा दांडा धरलेला, नजर समोर, आणि समोर फक्त गॅरेजची भिंत.

गाडी शांत झाल्यावर नवऱ्याने दार उघडलं. "आई, ठीक आहेस ना?"

"हो," त्या म्हणाल्या. उतरल्या मात्र नाहीत. गॅरेजवाल्याला म्हणाल्या, "और एक बार कर सकते हैं?"

त्याने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने घड्याळाकडे पाहिलं, मग मागचं दार उघडलं आणि स्वतः आत बसून पट्टा लावला.

दुपारपर्यंत कंपनीचा प्लास्टिकचा डबा पुन्हा जागेवर बसला होता. आम्ही घरी निघालो. सासऱ्यांच्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती लाल नळी होती, आणि सासूबाई त्यांना विचारत होत्या की रेल्वेच्या इंजिनात असं बाजूला बसायला जागा असायची का, आणि असायची तर इतक्या वर्षांत त्यांना कधी का नाही नेलं.