तुराटीची तलवार, माझी चाळणी

चौदा ऑक्टोबर. चकल्यांची भाजणी गिरणीतून दळून आणली, चाळायला बसले, तर चाळणी जागेवर नाही. आमच्या घरातून चाळणी गेली तर आम्ही चोराचा संशय घेत नाही. नणंदेचे यजमान येऊन गेले का, एवढंच विचारतो. आमच्या जिल्ह्यात माणसं दुसऱ्याचा बांध कोरतात, दुसऱ्याच्या विहिरीत मोटार सोडतात. पण दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातल्या चाळण्या नेऊन त्यांतून सोन्याची पदकं चाळून काढायला बसलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच आहे, आणि तो नेमका आमच्या नात्यात पडला.

हे नणंदेचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, मूळचे चित्रकलेचे शिक्षक. बदनापूरहून अंबडकडे जाताना लागणाऱ्या एका गावातल्या हायस्कुलात ते पोरांकडून फुलदाणी आणि सूर्योदय काढून घ्यायचे. तिथले खेळाचे सर निवृत्त झाले, जागा काही भरली गेली नाही, आणि मुख्याध्यापकांनी 'तुमचे तास तसेही कमीच आहेत' म्हणून खेळाचा चार्ज यांच्या गळ्यात घातला. सोबत एक शिट्टीही घातली. तो माणूस स्वतः कधी एसटी पकडायलासुद्धा पळालेला नाही. बस सुटली तर फाट्यावर उभा राहून सुटलेल्या बसकडे चित्र बघावं तसा बघत राहील. पण शिट्टी गळ्यात आली आणि अंगात वारं शिरलं. माझ्या पुतणीच्या लग्नात भात संपला म्हणून भाऊजींनी पंगतीतून शिट्टी मारली. वाढायला त्यांच्याच शाळेच्या पोरी आल्या होत्या. सगळ्या जणी हातातल्या बादल्या आणि पळ्यांसकट सावधान उभ्या राहिल्या आणि नवरदेवाच्या मामाचं पान अर्धा तास तसंच राहिलं.

त्यांचा एक सिद्धांत आहे, तो त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलाय की मशीन चालवता चालवता मी तो म्हणू शकते. बदनापुरात माझं शिलाईचं दुकान आहे. भाऊजी येतात, स्टुलावर बसतात आणि सुरू होतात. "वहिनी, कबड्डीला जाऊन बघा. हजार पोरी. खो-खो? हजार. पळायला तर अख्खा महाराष्ट्र निघून राह्यला. मंग आपण त्या गर्दीत कशाला चेंगरायचं? ज्या खेळाला कोणीच न्हाई, तो आपला खेळ. तिथं पदक बराबर आपलंच." पदक म्हणजे सर्टिफिकेट, सर्टिफिकेट म्हणजे भरतीत खेळाडूंची राखीव जागा, जागा म्हणजे पोरीच्या अंगावर खाकी वर्दी, असा हा जिना त्यांनी मनात बांधून ठेवलाय. त्याला पायऱ्या किती कमी आहेत हे विचारलं की त्यांना घरी जायची घाई होते. एसटीत खिडकीची जागा धरायला बाहेरून रुमाल टाकतात, तसा हा माणूस गेली कित्येक वर्षं रिकाम्या खेळांवर रुमाल टाकत हिंडतो आहे.

पहिला रुमाल टाकला नौकानयनावर. आमच्याकडे नदी म्हणजे पावसाळ्यात उठणारी अफवा. पण शेततळी आहेत. एका मोसंबीवाल्या पाटलांच्या शेततळ्यात भाऊजींनी प्लास्टिकचे दोन ड्रम आणि मोडक्या पलंगाची फळी बांधून होडी सोडली, फावड्याच्या दांड्यांची वल्ही केली. तिसऱ्या दिवशी वल्ह्याचं टोक तळ्याच्या प्लास्टिकात घुसलं. सकाळपर्यंत तळं कोरडं. पाटील दारात येऊन उभे राहिले, तर भाऊजी त्यांना म्हणाले, "पाटील, पाणी गेलं हे बिलकुल खरंय. पण पोरांचे दंड तरी बघा, कसे भरून राह्यले!" पाटलांनी दंड बघितले नाहीत. त्या उन्हाळ्यात भाऊजींनी पोरांना घेऊन घागरींनी मोसंबीची झाडं जगवली आणि शाळेच्या वहीत त्याला 'खांद्याचे व्यायाम' असं नाव दिलं.

मग एक गृहस्थ भेटले, मैदानावर न जाता पदकं मिळवून देणारे. सर्टिफिकेट तयार, फक्त नाव घालायचं. भाऊजींनी त्यांना फाट्यापर्यंत पिटाळलं. तत्त्वासाठी पिटाळलं असं ते सांगतात. माझा अंदाज असा, की सर्टिफिकेटवरची अक्षरं वाकडी होती.

दुसरा रुमाल पडला तलवारबाजीवर, आणि इथून माझ्या संसाराला भोकं पडायला लागली. तलवारी तुराटीच्या. आमच्या भागात तुरीला तोटा नाही. शेंगा झोडून घेतल्या की उरलेल्या काड्या चुलीला नाहीतर कुडाला. शाळेशेजारच्या म्हाताऱ्याच्या गोठ्याचा कूड एका हिवाळ्यात इतका विरळ झाला की म्हैस पलीकडून शाळेची प्रार्थना बघायला लागली. पांढरी जाकिटं माझ्याकडून, मांजरपाटात कापूस भरून, गोधडीसारखे टाके घालून. ती घातलेल्या पोरी चालत्या उशा दिसायच्या. शहरात म्हणे वार लागला की दिवा लागतो. आमच्याकडे दिवे तसेही लागत नाहीत. भाऊजी तुराटीच्या टोकाला माझ्या दुकानातली चिंधी बांधून ती रंगात बुडवायचे, एकीला गेरू, एकीला निळा. डाव संपला की जाकिटावरचे ठिपके मोजून निकाल सांगायचे, आणि एखादा ठिपका चांगला उमटला असेल तर हरणारीलाही शाबासकी द्यायचे. तोंडाला मुखवटा हवा, डोळे महत्त्वाचे. म्हणून चाळण्या. माझी रव्याची गेली, मग मैद्याची गेली, नणंदेच्या घरात तर चहाचं गाळणंसुद्धा राहिलं नाही. "दादा," ती माझ्या नवऱ्याला म्हणते, "तू मला बरा माणूस बघून दिला असतास तर आज माझ्या पिठात सोंडे तरी दिसले असते."

या सगळ्यावर मी हसते, पण सगळंच हसण्यासारखं नाही. मागं एक पोरगी जिल्ह्यात तिसरी आली. चौकात केवढा तरी फ्लेक्स लागला. त्यावर चौदा पुढारी हात जोडून उभे, आणि कोपऱ्यात तिकिटाएवढं पोरीचं तोंड. शाली मिळाल्या सहा, नारळ अकरा. बूट कुणी दिले नाहीत. ती पोरगी सध्या शाल पांघरून कापूस वेचते. आणि भाऊजींनी स्वतःच्या पोराला काय केलं? संभाजीनगरला क्लासला घातलं. मी तोंडावर विचारलं, "का हो, त्याच्या हातात का नाही दिली तुराटी?" तर शिट्टी चाचपत म्हणाले, "वहिनी, त्याला वडील हायेत. ज्याला बापाची नोकरी न्हाई त्यानं खेळावं." हे उत्तर मला बिलकुल आवडलं नव्हतं. चुकीचं होतं असंही म्हणता येईना.

तर चौदा तारखेला मी भाजणीचं पातेलं झाकून ठेवलं, स्कूटी काढली आणि चाळणी परत आणायला थेट त्यांच्या मैदानावर गेले. ही चाळणी स्टीलची होती, नवी, आणि मी ती साड्यांच्या कपाटात लपवून ठेवली होती. माणूस माझ्या कपाटापर्यंत पोचला होता.

मैदानावर माझी चाळणी वैष्णवीच्या तोंडाला नाडीनं बांधलेली. ही दहावीतली पोरगी, भाऊजींच्या आजवरच्या सगळ्या रुमालांतून पहिल्यांदाच खरोखर मिळालेली खिडकीची जागा. काटकुळी, लांब हाताची. समोरचीची तुराटी अर्ध्या वाटेत असते तोवर हिचा गेरूचा ठिपका छातीवर उमटलेला असतो. जिल्ह्याला तिनं शहरातल्या खऱ्या तलवारीवाल्या पोरींना रडवलं असतं. विभागात निवड झाली की सरकारी क्रीडा वसतिगृह, राहणं-खाणं-शिक्षण तिथंच. पण तिला खेळूच दिलं नाही. स्पर्धा सतरा वर्षांखालची, आणि कागदावर वैष्णवी सतराच्या वर.

कागदाची गोष्ट अशी. तिचे आईबाप ऊसतोडीचे. दिवाळी झाली की ट्रॅक्टरमध्ये बसून पश्चिमेकडे, उन्हाळ्यात परत. या फिरतीत थोरलीला शाळेत घालायला आठवं वर्ष उजाडलं, तेव्हा आई गुरुजींना म्हणाली, धाकटीलाही घ्या, दोघी एका वर्गात बसल्या तर एकमेकींना सांभाळतील. गुरुजी दयाळू. आमच्या भागात जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी एक जून लिहितात; निम्मी गावं एक जूनला जन्मलेली आहेत. त्यांनी दोघींना एकच एक जून, एकच साल लिहून टाकलं. दीड वर्षाचं अंतर असलेल्या बहिणी कागदावर जुळ्या झाल्या. जुळ्यांपैकी एकीचं गेल्या वर्षी नववीतून लग्न झालं. उसाच्या फडात नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादमाला कोयते हवे असतात. ती गेली. दुसरी माझी चाळणी बांधून उभी होती.

भाऊजींनी हे प्रकरण त्यांच्या पद्धतीनं हाताळलं. वैष्णवीचा जन्म फडावरच्या खोपीतला, म्हणजे नोंद साखर कारखान्याशेजारच्या गावात. आईला आठवत होतं एवढंच, की चंपाषष्ठीचा दुसरा दिवस होता आणि गाडी भरायची घाई चालली होती. तेवढ्यावर हा माणूस तीन बस बदलून तिकडे गेला. ग्रामपंचायतीत दिवसभर रजिस्टरं उलटली आणि नोंद सापडली! कारकून म्हणाला, दाखला आठ दिवसांनी मिळेल. इकडे स्पर्धा दोन दिवसांवर. मग आमच्या भाऊजींनी काय केलं? दप्तरातून ड्रॉइंगचा कागद काढला आणि रजिस्टरचं ते पान हुबेहूब काढून आणलं. ओळी, अक्षरं, सही, कारकुनाच्या पेनातून सांडलेला शाईचा डागसुद्धा. स्पर्धेच्या टेबलावर त्यांनी ते चित्र पुराव्यादाखल ठेवलं. साहेब लोकांनी ते आधी एकमेकांना दाखवलं, मग त्याचा मोबाइलवर फोटो काढला, आणि मग वैष्णवीचं नाव खोडलं. "डाग चांगला जमलाय," एक जण म्हणाला म्हणे. भाऊजींनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा अपमानाचा होता, पण त्यात थोडा आनंदही होता.

आता एकच दार उघडं. शुक्रवारी एकोणीस वर्षांखालच्यांची निवड आहे. समोर बारावीच्या दांडग्या पोरी. म्हणून जोरात सराव, म्हणून स्टीलची चाळणी. हे शुक्रवारचं मला लिंबाखाली सांगितलं ते वैष्णवीच्या वडिलांनी, कारण भाऊजी मला पाहून मैदानावरच्या गुणांच्या फळ्यामागं गेले होते.

"भाऊबीज झाली की निघायचंय ताई," ते म्हणाले. "शुक्रवारी झालं तं झालं. न्हाई तं संगं नेतो. मागं कोनापाशी ठेवावं? थोरली होती तवर दोघी ऱ्हायल्या. आता एकटी पोरगी कशी ठेवावं?"

"आणि नेऊन?"

त्यांनी टोपी काढली, परत घातली. "एक स्थळ हाय."

"वय किती तिचं?"

"कागदावर बसतंय की जवळपास."

तेवढ्यात मैदानावर टणकन आवाज झाला. समोरच्या पोरीची तुराटी चाळणीवर मोडली होती. वैष्णवीनं चाळणी वर करून तोंड पुसलं, माझ्याकडे पाहिलं आणि घाबरून म्हणाली, "मावशी, पोचा न्हाई पडला. म्या बघितलं."

मी भाऊजींना फळ्यामागून बाहेर बोलावलं. "शुक्रवारी हरली तर काय करायचं ठरवलंय?"

"हरत न्हाई, वहिनी. तिचं मनगट बघा."

"मी मनगट विचारलं नाही. हरली तर ती कुठं राहणार?"

भाऊजींनी शिट्टी तोंडात धरली, वाजवली नाही. पायऱ्या संपल्या होत्या. या माणसाकडे कायम जिंकल्यानंतरचं सगळं तयार असतं.

मला काज-बटण करायला हातभार हवाच होता, लग्नसराईत दुकान ओसंडतं. मी वडिलांना तसं सांगितलं. निवड झाली तर वसतिगृहात जाईल, नाही झाली तर दहावीची परीक्षा होईपर्यंत माझ्याकडे राहील. शाळेची बस माझ्या दारावरून जाते. संध्याकाळी दोन तास काम, बाकी अभ्यास. स्थळाला कळवा की पोरीचा खरा दाखला येतोय आणि तो आला की पहिला मीच वाचणार आहे. त्यांनी चपलेतला खडा झटकला. मग म्हणाले, "तिच्या मायला इचारतो." उठून दोन पावलं गेले आणि वळले. "खायला लई लागतं तिला, ताई."

निघताना भाऊजी स्कूटीपर्यंत आले. आभार मानतील या भीतीनं मी किल्ली फिरवली. ते म्हणाले, "वहिनी, ती रव्याची चाळणी पाह्यजे का परत? तिला थोडं भोक पडलंय." मी म्हटलं, राहू द्या. आरशात पाहिलं तर ते फाट्याकडे तोंड करून उभे होते, सुटलेल्या बसकडे पाहतात तसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजणी न चाळताच चकल्या पाडल्या. सोऱ्यात कण अडकत होते, निम्म्या तुटल्या. नवऱ्यानं एक तुकडा खाल्ला, कपाटाकडे पाहिलं आणि दुसरा उचलला. मग मी दुकान उघडलं, मांजरपाटाचा तागा काढला आणि वैष्णवीचं जाकीट बेतलं. शिवणीत दोन इंच जास्तीचं कापड सोडलं. कागदावर काहीही असो, पोरगी अजून वाढायची आहे.