मोडक्या इंजिनाची पूजा

खोपोलीला डोंगरावरचं पाणी खाली आणून वीज करत, आणि ती वीज आमच्या शेतांवरून तारांतून थेट मुंबईला जाई. त्या तारांखाली आम्ही रॉकेलच्या चिमणीपाशी बसून भाकऱ्या थापत असू. आमचे नवरेही त्याच वाटेने गेलेले. खालापूरच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या लग्न झालेल्या बाईला नवरा दिसायचा तो गणपतीत आणि शिमग्याला, आणि तेव्हाही तो आपल्याच घरात पाहुण्यासारखा, तांब्या कुठे आहे म्हणून विचारायचा. मला याचा फार राग यायचा. विजेचा, मुंबईचा, आणि निघताना माझ्याकडे वळूनही न बघणाऱ्या ह्यांचा.

हे मुंबईला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. लढाई संपली आणि लष्कराचा जुना माल विकायला निघाला, तेव्हा ह्यांनी त्यातला एक जनरेटर घेतला. म्हणजे एक डिझेलचं इंजिन आणि त्याला जोडलेला वीज करणारा डायनामो. तो बैलगाडीत घालून घरी आणला, आणि सोबत लांब रजाही आणली. लग्नसराईत आणि जत्रांत दिवे भाड्याने द्यायचे, एरवी त्याच इंजिनाला पट्टा लावून भात भरडायचं, असा बेत होता. इंजिन चाललं तर मुंबई सुटणार होती.

मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, गाडीभोवती एक फेरी मारली आणि गंजलेल्या चाकावर काठी आपटली.

"इंजिन हाय का भंगार रं? दिवाळीपातुर काय करायचं ते कर. नाय चाललं तर भाऊबीज झाली की गुमान कामावर जायचं."

मग पडवीत गोणपाट पसरून ह्यांनी इंजिन उघडलं. आत सगळी काजळी. पिस्टनच्या रिंगा तर अशा चिकटलेल्या की रॉकेलात भिजत घातल्याशिवाय हलेनात. रॉकेल रेशनचं, म्हणून सासूबाई घरात चिमणीची वात बारीक करायच्या आणि वाचलेलं आणून देताना हटकून नाक मुरडायच्या. मी सुटे भाग धुवायची, हे पुसून ओळीत मांडायचे. बायकोशी दोन शब्द बोलायचे म्हटलं की ज्यांचे कान लाल होत, ते व्हॉल्वबद्दल मात्र कीर्तनकारासारखे बोलत सुटायचे. मला व्हॉल्वमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मी मधूनमधून "म्हणजे काय हो?" विचारायची, म्हणजे ते आणखी बोलायचे. दोन लोखंडी भागांमधून तेल गळू नये म्हणून मध्ये पॅकिंग घालावं लागतं. लोखंडाच्या कडेला काळं तेल लावून हे ती कड पुठ्ठ्यावर दाबायचे, आणि उमटलेल्या ठशावरून मी पॅकिंग कातरायची. चोळ्या बेतण्यात माझा हात बसलेला होता. लग्न होऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण माझा संसार खरा सुरू झाला तो त्या गोणपाटावर. अंगाला डिझेलचा वास यायचा आणि मला तो आवडायचा.

तेवढ्यात दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला नांगर, कोयते, विळे, सगळ्या अवजारांची पूजा करतात. सासूबाई कुंकू, अक्षता आणि झेंडूचं ताट घेऊन पडवीकडे निघाल्या, तर मामंजींनी ताट त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"मोडलेली मूर्ती पुजत्यात का? तसंच ह्ये. आदी उबं राहू दे, मग पुजा."

भंगलेल्याची पूजा करत नाहीत हे खरंच. विळ्यालासुद्धा फूल मिळालं, इंजिनाला नाही. हे पानावरून अर्धवट उठले. मी मामंजींना वाढलं, पण भात जरा आदळूनच.

संध्याकाळी सगळे सोनं वाटायला गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गोणपाटावर बसलो आणि इंजिन बांधायला घेतलं. पिस्टन आत गेला, हेड बसलं, माझं पॅकिंग बसलं, नळ्या जोडल्या, धुऊन ठेवलेली डिझेलची टाकी वर चढवली. डायनामोची तार अंधाऱ्या गोठ्यात नेऊन तिथे एक दिवा टांगला. ह्यांनी हँडल मारलं आणि इंजिन धडधडायला लागलं. गोठ्यातला दिवा आधी लाल झाला, मग पिवळा. मी आनंदाने ओरडणार, एवढ्यात इंजिनाला धाप लागल्यासारखं झालं आणि ते बंद पडलं.

मग रोज तेच. थोडं चालायचं आणि बसायचं. ह्यांनी पंप उघडला, नोझल उघडलं, कर्जतला जाऊन एका मेकॅनिकला विचारून आले. सगळं जिथल्या तिथे. माझा जीव टांगणीला लागला. दिवाळीचा फराळ त्या वर्षी मी कसा केला ते मला आठवत नाही. मामंजी येता-जाता भाऊबीज किती दिवसांवर आली ते मोजून दाखवायचे, आणि त्याचाच मला जास्त संताप यायचा.

भाऊबीज आली. दुसऱ्या दिवशी हे जाणार, म्हणून मी कपड्यांच्या घड्या घालत होते. डिझेल फुकट जाऊ नये म्हणून हे टाकी सोडवून डब्यात ओतायला लागले. गाळायला माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा धरला होता. टाकी रिकामी झाली आणि हे तिथेच उकिडवे बसून राहिले. मी जवळ गेले. फडक्यावर कुंकवाने लाल झालेले तांदूळ होते आणि झेंडूच्या पाकळ्या होत्या. डिझेल वाहायला लागलं की त्या पाकळ्या ओढल्या जाऊन नळीच्या तोंडावर बसत होत्या.

"आये, काय केलंस गं ह्ये?" हे सासूबाईंना म्हणाले.

"मी नाय रं बाबा. माज्या हातातनं तर ताटच काडून घेतलं व्हतं."

मग सगळे मामंजींकडे बघायला लागले. ते ओटीवर चंची उघडून बसले होते. बराच वेळ चुना शोधत राहिले.

"तुमी सोनं वाटायला गेलात तवा मीच टाकलं," ते म्हणाले. "मोडल्या वस्तूची पूजा लोकांम्होरं कशी करू? वरनं फूल दिसलं असतं. म्हून पोटात टाकलं."

"आनि वर मलाच जा जा म्हनत व्हता?" ह्यांनी विचारलं.

"मग काय म्हनू? पगाराची नोकरी सोड म्हनू?" मामंजी एकदम चिडले. "माजी उमर गोदीत गेली. घरी आलो की मला बगून तू आयच्या मागं लपायचास. कोन आलाय म्हून इचारायचास तिला. तोंडानं जा म्हनत व्हतो रं. देवाला काय येगळं सांगू नये का मानसानं?"

ह्यांनी उठून टाकी धुतली, नळी फुंकून साफ केली, सगळं पुन्हा जोडलं आणि हँडल मारलं. इंजिन चाललं. आम्ही ते बंद पडायची वाट बघत उभे राहिलो, पण ते चालतच राहिलं. मला बघवेना, म्हणून मी गोठ्यात पळाले. दिवा जळत होता आणि म्हैस डोळे मिचकावत त्याच्याकडे बघत होती.

बाहेर हे इंजिनाच्या आवाजावर ओरडले, "आबा, पुढल्या दसऱ्याला पूजा तुमीच करा! पन टाकीचं झाकन लावून!"

"काय?" मामंजी ओरडले.

"पुढल्या दसऱ्याला!"

मामंजींना ऐकू आलं की नाही कोण जाणे. मला दोन्ही वेळा ऐकू आलं होतं, आणि मी म्हशीच्या गळ्यात हात टाकून रडत होते.